हिरामावशी, चौदावा भाग कितवा ठेवू?

हिरामावशी,

चौदावा भाग बघून झाला. एकट्याने बघितला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आधी आकडा सांग, रडायचं मंग रड." म्हणून आधी आकडा सांगतो. अकरा. मागच्या वेळी हाच पिक्चर बघताना मी मशीनकडे एकदाही बघितलं नव्हतं, आणि या वेळी अकरा वेळा बघितलं. मोजणारा दुसरा कोणी नव्हता, माझी नजर मीच मोजली, तरी खोटं सांगत नाही.

आपलं ठरलं होतं, की चौदावा झाला की मी आईला फोन करून खरं सांगायचं. त्यामुळे हे लिहायला बसलोय. फोनचं सांगतोच, पण त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

तू गेलीस त्याला तीन आठवडे झाले. कळलं त्याच दिवशी मी गावी जायची पिशवी भरली होती. हे तुला आवडणार नाही, पण भरली होती.

पहिला दिवस तुला आठवत असेल. माझी दोन्ही मूत्रपिंडं गेली हे कळून आठवडा झाला होता. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसणारा माणूस मी, आणि आता मलाच मशीनला जोडणार होते. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, अंगातलं रक्त बाहेर काढायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. सुई आत गेली आणि मी तोंड भिंतीकडे करून रडायला लागलो. शेजारच्या बेडवरून आवाज आला.

"ये बाला, कशाला रडतंस? सुई गेली ना आत?"

मी मान हलवली.

"मंग आता रडायचं काय उरलं? मोबाईल हाय ना तुझ्याकडं? काय हाय त्यात, दाव."

चामटोलीची बाई, बदलापूरला भाजी विकण्यात जन्म गेलेला, कपाळावर एवढं मोठं कुंकू. मला वाटलं कीर्तन लाव म्हणशील. माझ्याकडे होते ते सुपरहिरोचे पिक्चर. एकाच कंपनीचे बावीस, एकाचा हिरो दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये जाणार असे, सगळे हिंदीत. उल्हासनगरला एका दुकानात कार्डावर भरून घेतले होते. दुकानदार म्हणाला होता, "पूरा सेट है, भाई. टेन्शन नहीं." मी घाबरत घाबरत पहिला लावला. इयरफोनचं एक बोंडूक माझ्या कानात, दुसरं तुझ्या. वायर आखूड, म्हणून दोघांनीही बेडच्या कडेला सरकून झोपायचं. सेट लवकर संपू नये म्हणून पंधरा दिवसांतून एकच पिक्चर, हे तू तेव्हाच ठरवलंस.

दहा मिनिटं बघून तू म्हणालीस, "हे गोरे हिंदी चांगली बोलतात की रं. आमच्या भाजी गल्लीतल्या मारवाड्यापेक्षा बरी."

नंबर लावायची कल्पना माझी, पण नियम तुझा. दुसरा पिक्चर संपल्यावर मी म्हणालो, हा पहिल्यापेक्षा भारी. तू म्हणालीस, "कशावरून?" मी म्हणालो, मारामारी जास्त आहे. तू म्हणालीस, "मी सांगते कुठला भारी. त्या दिवशी तू मशीनकडं चार वेळा बघितलंस. आज नऊ वेळा. पयला भारी."

मशीनच्या पडद्यावर किती वेळ उरला ते दिसतं. प्रत्येकजण त्याच्याकडेच बघत असतो. तुझं म्हणणं, गिऱ्हाईक तोंडाने काय बोलतं ते ऐकायचं नसतं, त्याचे डोळे कुठल्या जुडीवर जातात ते बघायचं. ज्या पिक्चरमध्ये माणूस मशीनकडे सगळ्यात कमी बघतो तो पहिला. सरळ हिशेब. तू माझी मोजायचीस, मी तुझी मोजायचो, म्हणजे कोणाला लबाडी करता येणार नाही. यात निम्मा पिक्चर एकमेकांचे डोळे बघण्यात जायचा ही गोष्ट वेगळी.

नावं इंग्रजी होती, ती तू पहिल्या दिवशीच मोडीत काढलीस. ज्याच्या हातातून आग निघते तो भट्टीवाला. जी पूर अडवते ती पाणवाली. तिला बघून तू ब्रदरला म्हणाली होतीस, "हिला पावसाळ्यात आपल्या मांजर्लीला पाठवा, तिथला पूर नगरपालिकेला जमत नाय." ब्रदर म्हणजे आपल्याला मशीन लावणारा. तो बिचारा हसत हसत सलाईन बदलत होता. आणि सगळ्यांना शिकवणारा तो पांढऱ्या दाढीचा, तो नुसता म्हातारा.

म्हाताऱ्यावरूनच आपली चूक उघडी पडली. एकोणिसाव्यात तो मेला. तू पदर डोळ्याला लावलास. पंधरा दिवसांनी पुढचा पिक्चर लावला तर म्हातारा चहा पीत बसलेला. मी म्हणालो, "जुळा भाऊ असेल." तू म्हणालीस, "जुळा कशाला, तोच हाय. बरा झाला." आणि तू खूश. माझ्या डोक्यात काही येईना. पाणवालीचं लग्न मोडलेलं बघितलं होतं, दोन आठवड्यांनी तिचं लग्न ठरलं.

सगळे संपले तेव्हा ब्रदरने मोबाईल हातात घेऊन बघितलं. "अरे, तुम्ही एकनंतर दहा बघितला?"

झालं होतं असं, की मोबाईल आकड्याचा नुसता पहिला अंक बघतो. एकच्या मागे दहा, अकरा, बारा अशी एकोणीसपर्यंत रांग लावतो, मग दोन. आणि मी प्रत्येक वेळी यादीतला पुढचा दाबत होतो. आकडे मला दिसत होते की. मी नववीत शाळा सोडली, पण एकनंतर दोन येतात एवढं मला कळतं. मला वाटलं ते दुकानदाराच्या मालाचे नंबर आहेत. आमच्या कारखान्यात कापलेल्या कपड्याच्या बंडलावर नंबर असतो, पण जे बंडल वर असेल ते आधी शिवायला घ्यायचं, सतरा नंबर आधी का आला असं कोणी विचारत नाही. पॅन्ट शेवटी एकच होते.

सगळा हॉल हसला. माझे कान गरम झाले. तू मात्र उशीवर डोकं टेकून शांतपणे म्हणालीस, "हसू दे. बरोबर बघणाऱ्यांना म्हातारा मेल्यावर परत चहा पिताना दिसला का? आपल्याला दिसला."

मला मात्र चैन पडेना. सगळे परत, नीट क्रमाने बघायचे आणि नंबर परत लावायचे, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, "एकदा लावलं ते लावलं." दोन आठवडे आपण यावर भांडलो. मग तू एकदम तयार झालीस, आणि का झालीस ते मला माहीत आहे. चौदाव्यासाठी.

चौदाव्यात भट्टीवाला आपली आग परत देऊन टाकतो आणि गावी जातो. शेवटी आई दार उघडते, काही विचारत नाही, ताट वाढते. तेव्हा माझं मशीनकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं, म्हणून नियमाने तो पहिला. तू तो बाविसावा ठेवलास.

"मावशी, नियम तुझाच आहे. शून्य."

"तू बघितलं नाहीस कारण रडत होतास. डोळं भरल्यावर मशीन दिसतंय कुणाला? तो आकडा धरायचा नाय."

"पण तो घरी गेला."

"गेला ना. मंग पंधराव्यात शहर जळलं तेव्हा कुठं हाय तो? सोळाव्यात? सतराव्यात? एकात तरी दिसला का परत?"

तू पिक्चरबद्दल बोलत नव्हतीस. आदल्याच दिवशी मी तुला सांगितलं होतं, की हिंगोलीकडे आमच्या गावाजवळ एक बाबा आहेत, पाल्याचा रस देतात, त्याने मशीन सुटते, आई रोज फोन करून ये म्हणते.

"पाल्यानं मशीन सुटते तर इथं आम्ही सगळी येडी म्हणून झोपलोय का?" तू म्हणाली होतीस. "आणि घरी जायचं तर जा की. जिथं मशीन असंल तिथं जा. पाल्याकडं जाऊ नकोस. आईला तू सांगितलंस काय?"

"सहा महिन्यांचा कोर्स आहे, असं सांगितलंय."

"आणि झाले किती?"

"वर्ष झालं."

"मंग आई काय चुकली? तू तिला ताप सांगितलास, ती तुला काढा सांगते."

मी एवढंच म्हणालो, की चौदावा परत बघू, नीट क्रमाने, आणि तू म्हणतेस तसं निघालं तर आईला सांगतो. मला वाटलं चौदावा लांब आहे. मला तेवढाच वेळ हवा होता. तुला ते कळलं होतं, तरी तू "चालंल" म्हणालीस.

आता जे तुला सांगायचं राहिलं ते सांगतो.

सातवा बघितला त्या दिवशी तू मशीनकडे तेवीस वेळा बघितलंस. तेवीस आपल्या यादीत कोणाचेच नव्हते. मी हसत सुटलो. म्हणालो, मावशी, सातवा सगळ्यात शेवटी, चौदावा वाचला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "दमले रं." मी म्हणालो, पिक्चरच कंटाळवाणा आहे. तू डोळे मिटलेस आणि बोंडूक कानातून काढून माझ्या हातात दिलंस.

मावशी, नियम तूच शिकवला होतास, की तोंडाकडे नको, डोळ्यांकडे बघ. मी तुझे डोळे मोजले आणि आकडा पिक्चरच्या नावावर टाकला. ब्रदरला हाक मारायला हवी होती. डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं, हृदय कधीही थांबू शकतं, तुझं तपासलं होतं, त्या दिवशी सगळं ठीक होतं. डॉक्टर बरोबर असतील. पण मी हाक मारली नाही हेही खरं आहे. सातव्याच्या पुढे मी नंबर लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. ती जागा मोकळी राहील.

सोमवारी आलो तर तुझ्या चार नंबरच्या बेडवर नवी चादर. ब्रदर माझं वजन करता करता म्हणाला, "हिराबाई गेल्या रे. परवा दुपारी. जेवून आडव्या झाल्या, उठल्याच नाहीत." मी काट्यावर उभाच राहिलो. तो म्हणाला, "उतर." मी उतरलो. चार तास भिंत बघितली.

त्या दिवशी हेंद्रेपाड्याला खोलीवर येऊन मी पिशवी भरली. मला राग आला होता, तुझाच. तू एक दिवस चुकवला नव्हतास. पाणी मोजून प्यायचीस. मी उन्हाळ्यात बर्फ चघळला तर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली होतीस. एवढं सगळं करून तू गेलीस, मग मी कशासाठी थांबायचं? त्यापेक्षा बाबाचा पाला बरा, निदान आईच्या हातचं खाऊन. बुधवारी मी मशीनला आलोच नाही. गुरुवारी निघायचं होतं.

गुरुवारी पाय एवढे सुजले की चप्पल चढेना. मी पिशवीवर बसून राहिलो. धाप लागत होती. मला भीती वाटत होती हे लपवत नाही, मी भित्राच आहे, तुला माहीत आहे. पण भीतीच्या मध्येच तुझं ते बोलणं डोक्यात फिरायला लागलं, पंधराव्यात कुठं हाय तो, सोळाव्यात कुठं हाय. मला तुझा फार संताप आला. मेलेल्या माणसाने भांडण सोडून द्यावं की. तू सोडलं नाहीस.

मी अनवाणीच रिक्षात बसलो. ब्रदरने काट्यावर बघितलं आणि फक्त "साडेपाच किलो पाणी" म्हणाला. पुढचा अर्धा तास त्याने मला ज्या शिव्या घातल्या त्या तू ऐकायला हव्या होत्यास, तुला शिकण्यासारख्या होत्या. मशीन लावून झाल्यावर तो म्हणाला, "परत असं केलंस तर मी घरी येऊन उचलून आणीन." त्या दिवशी मी आठवा लावला, आणि मग प्रत्येक वेळी एक.

आठव्याला सात. नवव्याला बारा, तिथे पाणवाली उगाच गाणं म्हणते. दहाव्याला पाच, आणि नीट क्रमाने बघितल्यावर पहिल्यांदा कळलं की दहाव्यात सगळे एवढे आनंदात का आहेत. आपण तेव्हा म्हणालो होतो, यांना काय झालंय दात काढायला. अकरावा, बारावा, तेरावा. तुझ्या बाजूचं बोंडूक लोंबत राहायचं, ते मी एक दिवस दुसऱ्या कानात घातलं. तेव्हा कळलं की दोन्ही कानांत वेगवेगळे आवाज येतात. वर्षभर आपण अर्धा-अर्धा ऐकत होतो. तुझ्या बाजूला पाऊस जास्त वाजतो.

तर चौदावा. अकरा वेळा मशीनकडे बघितलं, कारण या वेळी मला त्या भट्टीवाल्याची चीड येत होती. शेवटी आई दार उघडते, ताट वाढते. मागच्या वेळी मी त्या ताटावर रडलो होतो. या वेळी दिसलं, की तो मान खाली घालून जेवतोय. आईला त्याने काहीच सांगितलेलं नाही. तिला वाटतंय पोरगा सुट्टीला आलाय. ती हसून आणखी वाढते आणि पिक्चर संपतो.

मावशी, तू जिंकलीस. पण पूर्ण नाही. बाविसावा मी ठेवणार नाही, त्या आईचा काही दोष नाही. मी तो चौदावाच ठेवतोय. मध्ये. याच्यावर तू वर्षभर भांडली असतीस.

दीड तास उरला होता. मी आजवर आईला कायम बाहेर गेटजवळ उभं राहून फोन केला, म्हणजे तिला हॉलमधलं काही ऐकू जाऊ नये. त्या दिवशी झोपल्या झोपल्या, सुई हातात असताना लावला.

"काय रे गजू, निघालास का?"

"नाही निघालो, आई."

फोन कानाला नीट धरायला गेलो तर सुईचा हात वाकला आणि मशीन वाजायला लागली.

"हा कसला आवाज येऊ लागलाय?"

"माझी मशीन आहे. हात वाकवला की वाजते."

"अजून चालूच आहे? कोर्स संपत आला म्हणलास ना."

"कोर्स नाही, आई. हे कायमचं आहे. आठवड्यातून तीन दिवस, जगेन तोवर. एक दिवस चुकवला तर पाय सुजले. बाबाकडे आलो असतो तर पंधरा दिवसही निघाले नसते."

तिच्याकडे चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला, चर्र झालं, ती उठली नाही. ब्रदर येऊन माझा हात सरळ करून गेला. मशीन गप्प झाली.

"कामून लपवलंस रे?"

"तू भिशील म्हणून."

"मी भ्याले नव्हते का? भ्याले म्हणूनच त्या बाबाच्या दारात बसले होते."

मग ती रडली. मी फोन ठेवला नाही. आधी अशा वेळी रेंज गेली असं सांगून ठेवायचो. ती रडून झाल्यावर तिने विचारलं, तिथं तुझं कोण आहे. मी म्हणालो, एक मावशी होती. आणि तुझं सगळं सांगितलं. वर्षभर तुझं नावसुद्धा मी तिला सांगितलं नव्हतं, कारण तुझं नाव सांगितलं तर तू कुठे भेटलीस ते सांगावं लागलं असतं. पिक्चरचं सांगितलं, आकड्यांचं सांगितलं, बर्फावरून ओरडलीस ते सांगितलं. ते ऐकून ती म्हणाली, "बरं केलं तिनं."

मग म्हणाली, "मला बोलू द्यायचंस रे तिच्याशी. एकदा."

मावशी, या एका वाक्याला मी काय उत्तर देऊ ते तू सांग.

ती पुढच्या आठवड्यात येते आहे. चुलत्याला घेऊन नांदेडहून गाडीने कल्याणला उतरेल, मी घ्यायला जाणार आहे. मी म्हणालो, खोली लहान आहे, आम्ही तिघं राहतो, मी शेजारच्या काकूंकडे तुझी सोय करतो.

"खोलीचं राहू दे," ती म्हणाली. "त्या बाईचं घर कुठं आहे?"

"चामटोलीला. बदलापूरहून रिक्षाने जावं लागतं. मी अजून गेलो नाही, आई. माझी हिंमत झाली नाही."

"गाडीतून उतरलं की आधी तिकडं जाऊ."

"रात्रभर बसून येशील. आधी खोलीवर चल, हातपाय धू, चार घास खा."

"तिच्या अंगणात धुईन," आई म्हणाली.